मागची भिंत

मंगळवार, ३ मार्च

खारू आज दवाखान्यात आला. मला भेटायला नाही, पेशंट म्हणून.

आठवडाभर ताप अंगावर काढला, मला पत्ता लागू दिला नाही. ताप उतरला आणि छातीत दुखायला लागलं. आडवं पडलं की सुरी खुपसल्यासारखं, पुढे वाकून बसलं की जरा बरं. दोन दिवस टेबलावर डोकं टेकून बसल्या बसल्या झोपतोय म्हणे. शेवटी बायकोनेच दंडाला धरून आणला.

ईसीजी बघूनच मोठे डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या आवरणाला सूज दिसते, एको करून घ्या. एको म्हणजे मी. एकवीस वर्षं हेच करतेय — अंधाऱ्या खोलीत लोकांच्या बरगड्यांवर जेल लावायचं, प्रोब फिरवायचा, पडद्यावर हृदय बघायचं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. ‘डॉक्टर सांगतील’ — दिवसातून वीस वेळा.

त्याला डाव्या कुशीवर वळता येईना. वळला की कळ. कसंबसं अर्धवट वळवून केलं. हृदयाभोवती पाण्याची बारीक कड. आवरणाची सूज, पुस्तकात असते तशीच. पंपिंग चांगलं. हृदयाच्या मागच्या भिंतीपाशी चित्र जरा अडखळल्यासारखं वाटलं. नीट कुशीवर वळला नव्हता, म्हणून असेल.

पडद्याकडे नाही, तो माझ्या तोंडाकडे बघत होता. ‘ताई, आत काय दिसतंय?’

म्हटलं, ‘नुसतं आवरण सुजलंय. आतलं सगळं ठणठणीत.’

एकवीस वर्षांत पहिल्यांदा पेशंटला सांगितलं. पण हा पेशंट कसला! आई गेली तेव्हा हा सहाचा, मी अठराची. याचं नाक पुसण्यापासून लग्न लावण्यापर्यंत सगळं मीच केलं.

डॉक्टरांनी सूज उतरायच्या गोळ्या दिल्या. पंधरा दिवस आराम. रक्त तपासून घ्या म्हणाले, हृदयाच्या स्नायूला काही झालंय का ते त्यात कळतं. लॅबपुढे ही भली मोठी रांग. त्याला उभं राहवेना. मीच म्हटलं, जा घरी, उद्या-परवा येऊन दे.

शुक्रवार, ६ मार्च

गोळ्या लागू पडल्या. आडवा झोपतो आता. रक्त अजून दिलेलं नाही.

रविवार, ८ मार्च

त्याच्याकडे जाऊन आले. रंग परतलाय तोंडावर. सोफ्यावर पाय पसरून चिमणीला लिफ्ट कशी चालते ते शिकवत होता — दोरी, चप्पल आणि पाण्याची बाटली घेऊन. चप्पल म्हणजे डबा, बाटली म्हणजे पलीकडचं वजन. पोरगी सातच वर्षांची, पण वजन का लागतं ते तिने मला समजावून सांगितलं. बापाची लेक!

लहानपणी पाईप, झाडं, कपाटं, जे दिसेल त्यावर हा चढायचा म्हणून खारू नाव पडलं. पुढे लिफ्ट दुरुस्तीत गेला. मी म्हणायचे, चढण्याचा पगार घेणारा जगातला एकच माणूस.

भावजय म्हणाली, ‘ताई, तुम्ही आतून बघितलंय म्हणून मी निर्धास्त आहे.’ तो म्हणाला, गाडीचं कव्हर फाटलंय, इंजिनाला काही नाही. सगळे हसलो. मीही.

निघताना रक्ताचं विचारलं. म्हणाला, आता कशाला, बरा आहे की. मी जोर केला नाही. जोर केला असता तर का, ते सांगावं लागलं असतं.

गुरुवार, १२ मार्च

 जे झालं ते नुसतं लिहिते.

सकाळी साडेनऊला एका चौदा मजली इमारतीत लिफ्ट अडकली. आत चाकाच्या खुर्चीवरचे एक म्हातारे गृहस्थ. श्वासाचा त्रास असलेले. खारूचा कामावरचा जोडीदार तिथे एकटाच होता. एकाने वरच्या मशीनच्या खोलीत ब्रेक सोडायचा, दुसऱ्याने खाली दार धरायचं — हे दोघांचं काम. दुसरा माणूस शहराच्या त्या टोकाला. जोडीदाराने खारूच्या घरी फोन केला. घरापासून दोन गल्ल्यांवर इमारत. हा गेला.

लिफ्ट बंद, म्हणजे जिना. चौदा मजले, खांद्यावर हत्यारांची पिशवी. वर जाऊन ब्रेक सोडला, चाक हाताने फिरवून डबा मजल्याला आणला. म्हातारे सुखरूप बाहेर आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. हा उतरताना नवव्या मजल्यावर पायरीवर बसला. खालून वर आलेल्या जोडीदाराला म्हणाला, जरा थांब रे. आणि तसाच कलंडला.

जोडीदाराने छाती दाबली. रुग्णवाहिका येईपर्यंत दाबत राहिला. वाटेत दोन शॉक दिले तेव्हा ठोके जागेवर आले.

मी तेव्हा एका बाईंचा एको करत होते. बाहेरून कोणीतरी म्हणालं, तुमच्या भावाला आणलंय. त्या बाईंच्या अंगावरचं जेल पुसलं की नाही, आठवत नाही.

शुक्रवार, १३ मार्च

डॉक्टरांनी एको स्वतः केला. मला आत घेतलं नाही. पंपिंग पंचवीस टक्के. त्या मंगळवारी साठ होतं. रक्तातला ट्रोपोनिन, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढतो तो, एवढा वाढलाय की आकडा सांगतानाही ते माझ्याकडे बघत नव्हते. नुसतं आवरण नाही — आवरणाबरोबर स्नायूही सुजलाय. म्हणाले, पुष्कळांना होतं, पुष्कळांचं थोडक्यात निभावतं. फक्त तीन ते सहा महिने दगदग करायची नसते. जिना तर मुळीच नाही.

मला हे माहीत होतं. मला हे एकवीस वर्षं माहीत आहे.

शनिवार, १४ मार्च

या वहीशी तरी खोटं नको.

त्या मंगळवारी ती भिंत मला दिसली होती. चित्र अडखळलं नव्हतं. मागची भिंत हलताना बाकीच्या भिंतींच्या मागे पडत होती. थोडी. नवशिक्याला दिसली नसती. मला दिसली. मी चित्र थांबवलं, पुन्हा चालवलं. तीन वेळा. तिसऱ्यांदा चालवताना त्याने विचारलं, आत काय दिसतंय. आणि मी ते चित्र पुढे ढकललं.

का? बाहेर अकरा जण बसले होते, हे एक. तो घाबरलेला होता, हे दुसरं. पण खरं ते तिसरं — मी घाबरले होते. दुसरा कोणी त्या खाटेवर असता तर मी कागदावर ओळ लिहिली असती आणि जेवायला गेले असते. माझा भाऊ होता म्हणून मी लिहिलं: भिंतींची हालचाल सर्वसामान्य.

डॉक्टरांनी दारातून विचारलंही होतं, भिंती ठीक? मी म्हटलं, ठीक.

दोन अक्षरं.

रविवार, १५ मार्च

आयसीयूत दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं आत सोडतात. भावजय आधी जाते, मग मी. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळते, सोडते, परत गुंडाळते. आज अचानक माझा हात धरून म्हणाली, तुम्ही या दवाखान्यात आहात म्हणून बरं, नाहीतर आमचं काय झालं असतं.

हात सोडवून घेता येईना. पाणी आणते म्हणून उठले.

सोमवार, १६ मार्च

ते लिफ्टमधले म्हातारे आले होते. नात खुर्ची ढकलत होती. आयसीयूच्या दारापाशी थांबून म्हणाले, ‘मी चौऱ्याऐंशीचा आहे. माझ्यासाठी अडतीस वर्षांच्या माणसाला कशाला चढवलं? मी बसलो असतो आत आणखी तासभर.’ कोणाला विचारत होते कोण जाणे. भावजयीने एकदम तोंड फिरवलं. त्यांना रडू नका म्हणावं लागलं मलाच.

मंगळवार, १७ मार्च

डॉक्टरांनी खोलीत बोलावलं. पडद्यावर त्या मंगळवारचं चित्र लावून ठेवलेलं. मी उभीच राहिले.

‘ही भिंत बघा.’

बघितली.

‘तुम्हाला दिसली नव्हती?’

वाटलं, म्हणावं — नीट कुशीवर वळला नव्हता, चित्र चांगलं नव्हतं. ते पटलंही असतं त्यांना. चित्र खरंच चांगलं नव्हतं. पण तोंडातून आलं, ‘दिसली होती.’

त्यांनी पडदा बंद केला. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. मग म्हणाले, मीही चित्र बघायला हवं होतं, नुसत्या तुमच्या कागदावर विसंबलो. एकवीस वर्षं विसंबतोय. समितीपुढे ठेवावं लागेल, म्हणाले. तोवर एकोच्या खोलीत जाऊ नका.

विचारलं, त्या दिवशी लिहिलं असतं तर?

म्हणाले, तर त्याच दिवशी भरती केलं असतं, मशीन लावून लक्ष ठेवलं असतं. आजार इतका वाढायचाच असता तर वाढलाही असता. पण जिन्यात वाढला नसता.

बुधवार, १८ मार्च

दिवसभर फाईलींच्या खोलीत बसवलंय. जुने कागद लावायचे. प्रत्येक कागदाच्या खाली माझी सही. भिंतींची हालचाल सर्वसामान्य, सर्वसामान्य, सर्वसामान्य. यातलं खरं किती?

गुरुवार, १९ मार्च

आज तो शुद्धीवर होता. नीट बोलला. ओठ कोरडे, पाय सुजलेले, पण डोळ्यांत तोच चावटपणा. म्हणाला, इथली लिफ्ट फार करकरते, बाहेर पडलो की आधी तिच्याकडे बघतो.

दहा मिनिटं. मी ठरवून गेले होते की सांगायचं.

आधी विचारलं, का गेलास रे? घरी आराम करायचा सोडून का गेलास?

 छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘मला राहवलं नाही, ताई. माझा स्वभाव तुला माहीत आहे. कोणाला बोल लावू नका.’

मी म्हटलं, खारू, मला काहीतरी सांगायचंय. त्या दिवशी पडद्यावर —

त्याने मान हलवली. दमलोय म्हणाला. चिमणीला चौथीपर्यंत सायकल देऊ नकोस, तिला ब्रेक लावता येत नाही. एवढं बोलून डोळे मिटले. झोपला की मला गप्प केलं, कळलं नाही. नर्स आली, वेळ संपली म्हणाली.

उद्या सांगेन.

शुक्रवार, २० मार्च

उद्या आलाच नाही. सकाळी पुन्हा ठोके बिघडले. घशात नळी घातली. आता बोलता येणार नाही.

शनिवार, २१ मार्च

मांडीतून एक फुगा हृदयापाशी नेऊन ठेवलाय. त्याने हृदयाला हात द्यायचा. यंत्राचा आवाज खटक-खटक. मी बाजूला उभी राहून मोजते. हृदय माझ्यापेक्षा चांगलं कोणाला दिसतं? काचेपलीकडून बघते तरी दिसतं. नुसता आकडा ऐकला तरी दिसतं. पंपिंग पंधरा — म्हणजे चारही भिंती ओल्या कपड्यासारख्या नुसत्या लोंबत असणार. लोक देवाला म्हणतात, काय चाललंय ते कळू दे. मला कळतंय, तेच नको झालंय.

भावजय विचारते, ताई, आज काय वाटतं तुम्हाला? सगळ्यांना डॉक्टर सांगतात. ती मलाच विचारते. माझं बोलणं तिला खरं वाटतं.

सोमवार, २३ मार्च

मूत्रपिंडं थकली. दुसरं हृदय बसवायचं बोलले, पण या अवस्थेत यादीतही घेणार नाहीत.

मंगळवार, २४ मार्च

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी खारू गेला.

पडद्यावर रेघ सरळ झाली. मी बघत होते. भावजय आत होती, डोकं त्याच्या खांद्याशी. मी दारात. तिला वाटत होतं अजून आहे. मला दिसत होतं, तो नाही. डॉक्टर येईपर्यंत अर्धं मिनिट मी तिला तसंच राहू दिलं. कोणालातरी अर्धं मिनिट देण्याएवढंच माझ्या हातात उरलं होतं.

बुधवार, २५ मार्च

काही नाही.

शुक्रवार, २७ मार्च

चिमणी माझ्याकडे आहे. भावजयीला घरात बसवत नाही, माहेरी जाऊन येते म्हणाली. पोरगी जेवते, दात घासते, न सांगता झोपते. रडत नाही. आज विचारलं, ‘आत्या, तू तर बाबाचं हृदय बघितलं होतंस ना? मग ते कसं काय बंद पडलं?’

म्हटलं, बघितलं म्हणजे दुरुस्त होत नाही गं.

ती म्हणाली, बाबा तर आधी बघायचा, मग दुरुस्त करायचा.

रविवार, २९ मार्च

त्याची हत्यारांची पिशवी जोडीदाराने आणून दिली. दारातच ठेवली, आत आला नाही. मी उचलून बघितली. दोन्ही हात लावावे लागले. ही घेऊन चौदा मजले.

जोडीदार म्हणाला, मी फोन केला नसता तर. मी म्हटलं, तुझा काही दोष नाही. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, कोणीतरी हे म्हणावं म्हणून तो पाच दिवस वाट बघत होता. त्याला मोकळं करणं इतकं सोपं होतं. एका वाक्यात झालं.

मला कोण म्हणणार? आणि म्हटलं तरी ते खोटंच की.

गुरुवार, २ एप्रिल

समितीपुढे उभी राहिले. तीन माणसं, एक पाण्याचा तांब्या. विचारलं, नजरचूक झाली असं म्हणायचंय का? त्यांनाही तेच हवं होतं. नजरचूक म्हटलं की कागद पुढे सरकतो. मी म्हटलं, नजर चुकली नाही. जीभ चुकली. हात चुकला.  एकाने चष्मा पुसला.

सहा महिने निलंबन. नंतर बघू. मला नंतरचं काही बघायचं नाही. हृदय तर नाहीच.

शनिवार, ४ एप्रिल

अंथरुणातून उठवत नाही. उठते, कारण चिमणीची शाळा. डबा भरते. वेणी घालते. तिच्या पाठीवर हात ठेवला की ठोके लागतात हाताला. हात काढून घेते.

दवाखान्यात सगळ्यांना माहीत आहे. समितीला माहीत आहे. जिला माहीत असायला हवं, तिलाच नाही. भावजय रोज फोन करते. ताई, तुम्ही जेवलात का? ताई, तुम्ही किती केलंत आमच्यासाठी. प्रत्येक वेळी वाटतं, फोन आपटावा. कोणीतरी दुसरंच तिला सांगेल एक दिवस, आणि ते वाईटाहून वाईट.

परवा ती परत येतेय. घरी जाऊन सांगायचं. बसून सांगायचं नाही, उभं राहून. मग ती चिमणीला घेऊन जाईल आणि या घराची पायरी चढणार नाही. न चढू दे. भाऊ गेला, भावजय गेली, पोरगी गेली, काम गेलं — मग काय, सगळंच स्वच्छ.

सोमवार, ६ एप्रिल

मी निघणार, तेवढ्यात तीच आली. स्टेशनावरून थेट. हातातली बॅगही खाली ठेवली नाही.

म्हणाली, त्या दिवशी तो जाणार नव्हता. फोन तिने उचलला. तो पडून होता. छातीत अजून जड वाटतंय, नको म्हणाला. ‘मीच उठवलं, ताई. लिफ्टमध्ये म्हातारा माणूस अडकलाय म्हटल्यावर मला राहवलं नाही. मी म्हटलं, ताईंनी स्वतः बघितलंय, काही झालेलं नाही तुला, किती दिवस लोळणार? पिशवी मी दिली त्याच्या खांद्यावर.’ आयसीयूत त्याने तिच्याकडून वचन घेतलं होतं, ताईला यातलं काही सांगू नकोस म्हणून.

माझी माफी मागायला आली होती. पाय धरायला वाकली.

मी तिला वाकू दिलं नाही. बॅग हातातून काढून घेतली, खुर्चीवर बसवलं. आणि पहिल्या मंगळवारपासून सांगायला लागले.